बेचाळीस नारळ आणि एक हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरने बेटं फिरायला जाताना सोबत नारळ नेऊ नयेत, एवढंच मला या विषयातलं ज्ञान आहे. पण ते पक्कं आहे.

वसमतला आमचं खता-बियाण्यांचं दुकान. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता, त्या काळातली ही गोष्ट. एका खत कंपनीने विक्रेत्यांसाठी स्कीम काढली. ठरवून दिलेली पोती हंगामात खपवली, की नवरा-बायकोला अंदमानची सहल! तीही साधीसुधी नाही. विमानाने जायचं, समुद्राला खेटून असलेल्या हॉटेलात उतरायचं आणि एक अख्खा दिवस खासगी हेलिकॉप्टरने या बेटावरून त्या बेटावर! माहितीपत्रकावर हेलिकॉप्टरमधून उतरणारा एक गॉगलवाला माणूस छापला होता. त्याच्या जागी मी स्वतःला इतक्या वेळा पाहिलं, की शेवटी तो मला माझ्यासारखाच दिसू लागला. (त्याला पोट नव्हतं. तेवढं मी सोडून दिलं.)

आमच्या भागात हेलिकॉप्टर दिसतं ते निवडणुकीत. सभेला असतात त्याच्या तिप्पट माणसं हेलिकॉप्टर बघायला जमतात. मीही दर निवडणुकीला दुकानाचं शटर ओढून मैदानाकडे धावायचो. पोलीस काठीने मागे सारायचे, नाकातोंडात धूळ जायची आणि मी अगदी तृप्त होऊन परत यायचो. आता त्यात आत बसायला मिळणार! त्या हंगामात मी हळदीवाल्यांना, ऊसवाल्यांना, कापूसवाल्यांना इतक्या मायेने खत विकलं, की काहींना वाटलं मी पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय. आकडा सकाळी अकराला पूर्ण झाला आणि दुपारच्या जेवणाआधी ही बातमी सगळ्या मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, पसरली. अर्थात, पसरवायला मीच फिरलो होतो.

"कुठं? अंदमानला?" शेजारचे आडत दुकानदार मारोतराव चष्मा वर करून म्हणाले. "काहून? खतात भेसळ घावली काय?"

"सहल हाय, मारोतराव! बक्षीस!"

"बक्षीस म्हणून काळ्या पाण्याला धाडून राहिले? अजब कंपनी हाय बाबा."

मी मनावर घेतलं नाही. ज्याला हेलिकॉप्टरमध्ये बसायचंय त्याने असल्या बारीकसारीक बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

गडबड सुरू झाली ती आमच्या आईपासून. आई कुरुंद्याला शेतावर राहते. बातमी कळताच ती पहिल्या बसने दुकानात हजर झाली. पदराआडून एक नारळ काढून तिने गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो समिंदराला सोड. माझं लेकरू त्या गरगर फिरणाऱ्या मशिनीत बसून राहिलं, ते सुखरूप वापस येऊ दे म्हणावं."

आता आईचा नारळ, त्याला नाही कसं म्हणणार? आमच्या तालुक्यापासून समुद्र इतका लांब, की कुणी तिकडे निघालं की ती सहल राहतच नाही, यात्रा होते. आणि यात्रेला जाणाऱ्याजवळ, न जाणाऱ्यांनी आपापला नारळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आई एकच नारळ देऊन गेली, पण जाताना बसमध्ये सगळ्यांना सांगत गेली.

दुसऱ्या दिवशी कुरुंद्याच्या बसमधून अकरा बाया उतरल्या. प्रत्येकीच्या पिशवीत नारळ. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाचं पोरगं बारावीत तिसऱ्यांदा बसत होतं, कुणाच्या बोअरला पाणी लागत नव्हतं. "भाऊ, तुमी बसल्या जागेवर सोडायचा. तकलीफ काहीच न्हाई." तिसऱ्या दिवशी वसमतमधल्या गल्ल्या जाग्या झाल्या. आठवडाभरात दुकानात खताची पोती कमी आणि नारळ जास्त! सगळ्यात शेवटी मारोतराव आले, इकडेतिकडे बघून हळूच नारळ ठेवला आणि म्हणाले, "हळदीचा भाव वाढू दे म्हणा. कोणाला सांगू नका."

माझी बायको सुनंदा दुकानातला मार्कर घेऊन प्रत्येक नारळावर नाव लिहीत होती. मोजले तर बेचाळीस.

"अगं, अंदमानात नारळाचीच झाडं हायत! तिथं जाऊन चार विकत घेऊ, सगळ्यांच्या नावानं सोडू!"

"अन् नाव कोणाचं लिहू त्याच्यावर? लोकाइचा शब्द घेतलाय मी. ज्याचा त्याचा नारळ, अन् तो बी खोल पाण्यात. काठावरचा पावत न्हाई."

विमानात सामानाला वजनाची मर्यादा होती. सुनंदाने बॅगेतून माझे दोन सफारी सूट, टॉवेल आणि खास घेतलेली फुलाफुलांची चड्डी बाहेर काढली. नारळ बसले. तिच्या साड्याही बसल्या. मी अंगावरच्या एका करड्या सफारीवर अंदमानला पोहोचलो.

तिथे उतरल्याबरोबर पहिलं काय दिसलं असेल? नारळाची झाडं! विमानतळाबाहेर नारळ, हॉटेलच्या दारात नारळ, स्वागताला हातात दिला तोही नारळ, स्ट्रॉ घातलेला. टूर मॅनेजर म्हणून एक दिल्लीकडचा तरुण होता. आमची बॅग उचलताना तो कमरेत वाकला.

"अंकल, इसमें क्या है?"

"नारियल."

त्याने बॅग एकदा हलवून पाहिली. मग त्याने बॅग खाली ठेवून दुसऱ्या माणसाला उचलायला बोलावलं.

आणि मग तो दिवस उजाडला! पहाटेच अंघोळ करून मी सफारी झटकून तयार. हेलिपॅडवर गेलो तर ते उभं होतं. पांढरं, झकपक, काचेच्या पोटाचं आणि काठीवाल्या पोलिसांशिवाय! हात लावला तरी कुणी ओरडलं नाही. मी दोनदा लावून पाहिला. पायलटशेजारी एक आणि मागे तीन, अशा चौघांची जागा. आमच्याबरोबर जिंतूरचे विक्रेते गंगाधरराव आणि त्यांच्या सौभाग्यवती होत्या. ते दोघंही इतके बारीक, की दोघं मिळून एक तिकीट पुरलं असतं.

तेवढ्यात पायलटने वजनकाटा पुढे सरकवला. हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी माणसाचं वजन करतात, हे मला माहीत नव्हतं. फॉर्मवर वजन विचारलं होतं खरं. मी सत्तर लिहिलं होतं. (लग्नात तेवढं होतं.) मी काट्यावर उभा राहिलो आणि काटा अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला.

पायलटने फॉर्म बघितला. काटा बघितला. मला बघितलं.

"कडता कापा की," मी म्हणालो. "कपड्याचा, चपलांचा!" मोंढ्यात पोत्याच्या वजनाचा कडता, म्हणजे वजावट, कापतात, तर माणसाच्या सफारीचा का नको? गंगाधररावांनी हे हिंदीत करून सांगितलं. पायलट हसला नाही. पण गंगाधररावांच्या हलकेपणात माझा जास्तीचा माल खपून गेला आणि तो म्हणाला, ठीक है, चलेगा. मी पटकन काट्यावरून उतरलो.

तेवढ्यात सुनंदाने बॅग काट्यावर ठेवली.

तेवीस किलो!

"ये नहीं जाएगा," पायलट म्हणाला. "या तो बॅग, या एक आदमी."

मी लगेच म्हणालो, "बॅग राहू द्या!" इतक्या चपळाईने मी आयुष्यात कुठलाच निर्णय घेतला नव्हता.

"राहू द्या?" सुनंदाचा आवाज चढला. "कुरुंद्याला काय तोंड दाखवू मी? ह्याच्यात तुमच्या आईचा नारळ हाय! तुमी सुखरूप यावं म्हणून दिलेला!"

"मंग इथंच बंदरावर सोडू!"

"इथं? बोटीचं तेल तरंगून राहिलंय! खोल पाण्यात म्हणून शब्द दिलाय."

"हे दिल्लीवाले साहेब नंतर सोडतील!"

"दुसऱ्याच्या हातानं सोडलेला पावत न्हाई. त्याइला सगळ्याइची नावं तरी वाचता येतील का?"

पायलट घड्याळाकडे बघत होता. गंगाधरराव दुसरीकडे बघत होते. मग सुनंदाने एकदम खांदे पाडले आणि मवाळ आवाजात म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमी जा. नारळ तुमीच सोडा. मी बसते इथं सावलीला."

आता इथे मला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पहिल्या आग्रहाला कुणीही हो म्हणत नाही. जेवायला बसा म्हटलं की पाहुणा म्हणतो, नाही नाही, पोट भरलंय. आपण पुन्हा म्हणायचं. तो पुन्हा नाही म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं की तो हात धुवायला उठतो आणि पाच भाकरी खातो. चहाचं तेच, लग्नाच्या आहेराचं तेच, बसमध्ये शेजारच्याने दिलेल्या शेंगांचंही तेच. जन्मल्यापासून मी हेच करत आलोय. तेव्हा बायको 'तुम्ही जा' म्हणाली, की आपण 'नाही, तू जा' म्हणायचं, मग ती 'छे छे, तुम्हीच जा' म्हणणार, मी आणखी एकदा नाही म्हणणार आणि मग शेवटी, अगदी नाइलाजाने, तिच्या शब्दाखातर, हेलिकॉप्टरमध्ये चढणार, असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता. शिवाय जिंतूरची माणसं बघत होती. थोडा मोठेपणा दाखवायला काय हरकत आहे?

मी छाती काढून म्हणालो, "न्हाई, न्हाई. तू जा, सुनंदा. मी ऱ्हातो."

"बरं," सुनंदा म्हणाली आणि चढली.

एकाच खेपेला! वीस वर्षांच्या संसारात या बाईने माझं एक वाक्य पहिल्या फटक्यात ऐकलं नव्हतं. बॅग आत गेली, तिच्या गळ्यात माझा कॅमेरा गेला, दार लागलं. मी तोंड उघडून पुढचं काही बोलायच्या आत पंखा गरगरायला लागला, धुळीचा लोट उठला आणि नाकातोंडात धूळ गेली. अगदी वसमतच्या मैदानासारखीच.

मी दिवसभर हेलिपॅडच्या पत्र्याखाली बसलो. टूर मॅनेजरने बिचाऱ्याने दोनदा नारळपाणी आणून दिलं. मी घेतलं नाही.

चारच्या सुमाराला ते परतलं. मला राग आला होता, हेवा वाटत होता, भूकही लागली होती. पण सुनंदा उतरली आणि मी बघतच राहिलो. केस विस्कटलेले, नाक उन्हाने लाल आणि तोंडभर हसू. वीस वर्षांत तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. तिने माझा हात घट्ट धरला आणि एका दमात सुरू झाली, "अवो, पाणी असं निळं, असं निळं, खालचं मासं दिसून राहिलं वरून! अन् हिरवी हिरवी बेटं!" खरं सांगतो, माझा निम्मा राग तिथेच गेला.

नारळांचं काय झालं ते गंगाधररावांनी सांगितलं. पायलटला सुनंदाने आधी विचारलं, वरूनच सोडू का? त्याने घाबरून दाराचा कडीकोयंडा तपासला. मग पहिल्या बेटावर उतरून तिने एकेक नाव वाचत नारळ पाण्यात फेकले, तर लाटेने एकेक करून सगळे परत आणून दिले. तिथे उन्हात पडलेले चार गोरे पाहुणे धावत येऊन नम्रपणे एकेक नारळ तिच्या हातात ठेवत होते. ही फेकतेय, ते आणून देतायत! शेवटी त्या बेटावरच्या हॉटेलवाल्यांनीच बोट काढली, तिला खोल पाण्यात नेलं आणि बेचाळीस नारळ एकदाचे मार्गी लागले.

परत आल्यावर यात्रेचं मावंदं, म्हणजे सांगतेचं जेवण, घालावं लागतं. तेही बराबर झालं! कुरुंद्याला शेतात, मोठ्या कढईत स्वयंपाक आणि बेचाळीस घरची माणसं जेवायला. सगळ्या बाया सुनंदाभोवती. हेलिकॉप्टर कसं उठतं, कसं वळतं, पोटात कसं होतं, सगळं ती सांगत होती. मी वाढत होतो. मग फोटोंचं पाकीट फिरलं. छत्तीस फोटो. समुद्र, बेट, गंगाधरराव, गंगाधररावांची सौभाग्यवती, सुनंदा, पायलट, पुन्हा सुनंदा. शेवटी एक फोटो आईच्या हातात आला. वरून काढलेला. खाली सिमेंटचा गोल आणि त्याच्या कडेला करड्या रंगाचा एक ठिपका.

"ह्यो कोन?" आईने विचारलं.

"हे आमचे हे," सुनंदा लाडाने म्हणाली. "हेलिकॉप्टर उठलं तवाचा हाय. बघा, दोन्ही हात वर करून कसा टाटा करून राहिले! मागं मागं पळत बी व्हते. माझ्या जाण्याचा येवढा आनंद झाला व्हता त्याइला!"

सगळ्या बायांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "असा नवरा मिळायला नशीब लागतंय," कुणीतरी म्हणालं. आईचे डोळे पाणावले. सुनंदाने तो फोटो मोठा करून दुकानात गल्ल्याच्या वर लावला आहे आणि आल्यागेल्याला ती माझ्या मनाच्या मोठेपणाची ही गोष्ट सांगते. मीही मान खाली घालून ऐकून घेतो. कारण त्या दिवशी पंख्याच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही, ते एक फार बरं झालं. मी टाटा करत नव्हतो. "उतर खाली, मी येतो" असं बोंबलत होतो.