मोहिनी उतरल्यानंतरचा नियम

साधना गावंडेला सहसा किळस येत नाही. अमरावतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती चौदा वर्षं टेक्निशियन आहे. सकाळी साडेसातपासून काउंटरवर डब्या जमायला लागतात. लघवी, थुंकी, विष्ठा, कधी एखाद्या गळवाचा पू. नवीन लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडाला रुमाल लावून बेसिनकडे पळतात. साधना डबीवरचं नाव वाचते, झाकण उघडते, स्लाइड तयार करते. "माणसाच्या अंगातूनच निघालं ना, त्यात काय," म्हणते, आणि हात धुऊन अकरा वाजता डबा खाते.

म्हणून मागच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, स्वतःच्या घरी तिला जी किळस आली तिचं तिलाच नवल वाटलं. ती एका शब्दाची किळस होती, आणि तो शब्द तिच्याच तोंडून निघाला होता.

अकोल्याला लॅबचा कोर्स करताना होस्टेलवरच्या एका मुलीनं तिला हा खेळ शिकवला. टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. पात्र काय करणार ते खेळणारा सांगतो, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. नियमांचं इंग्रजी पुस्तक उशीएवढं जाड. साधनानं ते पुरतं वाचून काढलं, आणि अमरावतीत नोकरी लागल्यावर स्वतःच्या घरी खेळ मांडला. गोष्ट नेहमी तीच सांगायची, वऱ्हाडीत. मूळची ती नांदगाव खंडेश्वरची. तिच्या गोष्टीतल्या सैन्याच्या गाड्या काळ्या मातीत रुतून बसत, आणि राजाचा प्रधान "काहून आला बे इकडं?" असं विचारी.

मागच्या काही वर्षांत खेळायला तिघं येत. चांदूर रेल्वेला कॉम्प्युटर क्लास चालवणारा नितेश दर रविवारी रेल्वेनं यायचा, तो योद्धा. बँकेत नोकरी करणारी सव्वीस वर्षांची प्रणाली पुजारीण व्हायची, जखमा भरून आणणारे मंत्र तिच्याकडे. आणि गौरांग जादूगार. गौरांग कोर्टात वकिली करायचा, घरात वकिलीची तिसरी पिढी. बोलायला गोड, वाचायला चोख.

खरी डोकेदुखी जादूगाराचीच होती. पात्रं जसजशी वाढत गेली तसतसा जादूगार सगळ्यांच्या पुढे गेला. कुलूप असो, दरी असो, दोनशे शिपाई असोत, गौरांगकडे मंत्र तयार. मंत्र संपले की म्हणायचा, "आम्ही इथंच झोपतो." पुस्तकाप्रमाणे आठ तास झोपलं की सगळे मंत्र परत. नितेशचा योद्धा तलवार घेऊन नुसता उभा, आणि नितेश मोबाइल पाहत बसलेला.

मग साधनानं घरचे नियम लिहायला घेतले. शंभर पानी वही, निळं पेन. रानात झोपलं तर तिसरा हिस्साच मंत्र परत येतील. पूर्ण परत यायला छप्पर लागेल आणि पोटात गरम अन्न. मोठा मंत्र म्हणताना दोन्ही हात मोकळे हवेत. एकच मंत्र एका दिवसात तिसऱ्यांदा म्हटला तर नाकातून रक्त येईल, आणि ते थांबवायचं काम पुजारणीचं. एकेक नियम ती महिना-महिना खेळून पाहायची, जमला नाही तर खोडायची. गौरांग प्रत्येक नियमावर युक्तिवाद करायचा. "तुम्ही 'झोप' लिहिलंय ताई. मी झोपलोच नाही. मी ध्यान केलं." साधना वही ओढून 'झोप'च्या पुढं 'किंवा ध्यान' लिहायची. तीन वर्षांत असे सतरा नियम झाले. या भांडणात तिला मजाही यायची, हे तिनं नंतर कबूल केलं. नितेशनं मोबाइल खिशात ठेवला होता.

त्या रविवारी पात्रं एका नदीवर पोचली होती. पलीकडं नेणारी नावाडीण होती मैनाबाई. शत्रूचे काही जखमी शिपाई तिनंच पार केले होते, आणि कुठं उतरवलं ते कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. गोष्टीतल्या असल्या माणसांच्या तोंडचं साधना आवाज बदलून बोलायची. मैनाबाईला तिनं आपल्या मावशीचा आवाज दिला होता, जाड, थोडा घोगरा.

गौरांगनं तिच्यावर मोहिनी टाकली. ज्याच्यावर मोहिनी पडेल त्याला जादूगार जिवाभावाचा वाटतो. मैनाबाईच्या वतीनं फासे साधनानं टाकले, कमी पडले. मैनाबाईनं शिपायांची जागा सांगून टाकली. इथपर्यंत नेहमीचंच.

गौरांग खुर्चीत मागं रेलला. "मंत्र अजून तासभर आहे ना?"

"हाये."

"मग तिला म्हणतो, चल झोपडीत."

नितेश हसला. त्या हसण्यानं गौरांगला चेव आला, आणि मैनाबाईच्या अंगाबद्दल तो आणखी दोन वाक्यं बोलला. ती इथं लिहीत नाही. प्रणाली समोरच्या फाशाकडे बघत राहिली.

"तिनं नाई म्हणलं तर?" साधनानं विचारलं.

"ती नाही म्हणूच शकत नाही. तिला मी आवडतोय. नियमच आहे तसा. तुम्हीच नेहमी म्हणता ना, फासे पडले की पडले?"

ती हे नेहमी म्हणायची, खरं होतं. पात्राच्या मनाविरुद्ध फासे पडले तरी ते पाळायचे, यावरच तिचा खेळ उभा होता. मावशीच्या आवाजात ती म्हणाली, "चाला."

लगेच तिनं वही मिटली आणि आज इथंच थांबू म्हणाली. साडेचार वाजले होते. तिघं गेल्यावर तिनं चूळ भरली, मग मिठाच्या पाण्यानं पुन्हा भरली. तोंडाची चव गेली नाही. चिवड्याची परात तशीच पडून राहिली, ती तिनं बाहेर नेऊन गाईपुढं उलटी केली. गौरांगची तर शिसारी आलीच होती. पण त्यानं जे मागितलं ते आपण मावशीच्या तोंडानं दिलं, आणि तेही नियमाला धरून, हे तिच्या घशाखाली उतरेना.

बुधवारी प्रणाली बँकेतून थेट लॅबमध्ये आली. मागच्या खोलीत दोघी बसल्या.

"मी रविवारपासून येणार नाही, ताई."

"गौरांगमुळं?"

"त्याचं सोडा, तो तसाच आहे. तुमी 'चाला' म्हणलं ना, तवा मले तुमचा राग आला."

रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं, तशा साधनानं नळ्या काढून स्टँडमध्ये लावल्या. मग तिनं विचारलं, "तो मंत्रच काढून टाकू का?"

"काढून काय होईल? तो दुसरा शोधीन. अन् मंत्र वाईट नाही ना. पुलावर तो शिपाई पोरावर तलवार घेऊन धावला होता, त्याले आपण त्याच मंत्रानं थांबवलं."

ते खरं होतं. साधनानं पुढचे दोन दिवस सगळे उपाय कागदावर मांडून पाहिले. मोहिनी पाच मिनिटांचीच ठेवावी, तर गौरांग पाच मिनिटांत जे हवं ते मागेल. मनाविरुद्ध काही मागितलं तर मंत्र तुटावा, तर मनाविरुद्ध काय यावर तो वाद घालेल आणि त्या बाईच्या मनावर टेबलाभोवती चर्चा होईल. तेही तिला ओंगळ वाटलं. तिनं पाच पानं फाडली. शेवटी जे उरलं ते साध्या तीन ओळींत होतं. मोहिनी टाकायच्या आधी जादूगारानं एकच मागणं सांगायचं; त्यापलीकडं काही मागितलं की मंत्र तुटला. मोहिनी उतरल्यावर त्या माणसाला सगळं आठवतं. आणि मोहिनी उतरल्यावरची सकाळ, त्या माणसाच्या बाजूनं, ज्यानं मंत्र टाकला त्यानं खेळायची.

शनिवारी तिनं प्रणालीला बोलावलं आणि दोघींनी तो नियम खेळून पाहिला. प्रणालीनं पुलावरचा शिपाई केला. "मी तलवार खाली ठेवली. का ठेवली मले माहीत नाही," ती म्हणाली, "पण पोरगं जितं हाये." वही तिनं स्वतःकडे ओढली, नियमापुढं अठरा आकडा घातला, आणि उद्या येते म्हणाली.

रविवारी गौरांगनं तो नियम उभ्यानंच वाचला आणि हसला. "ठीक आहे. पण पूर्वलक्षी प्रभावानं लागू होणार नाही. मागच्या वेळी हा नियम नव्हता."

"त्या दिवसानंतरची सकाळ अजून झालीच नाई खेळात," साधना म्हणाली. "आता व्हते. तू मैनाबाई. मोहिनी उतरली. बोल."

गौरांगनं खांदे उडवले, पदर घेतल्याची खूण केली, आणि बारीक आवाज काढून लाजत बोलू लागला. काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. कुणी हसलं नाही, तसा त्यानं आवाज आणखी बारीक केला. साधनाला पुन्हा तीच चव तोंडात आली.

"बस कर, बावा," नितेश म्हणाला.

"अरे, मागच्या वेळी तूच हसला होतास."

"हो. हसलो." नितेशनं मान खाली घातली नाही. "लय घाण हसलो."

"आवाज काढू नोको," साधना गौरांगला म्हणाली. "तुयाच आवाजात बोल. तू उठला. कोणी तुले धरलं नव्हतं, मारलं नव्हतं. तू आपल्या पायानं आत गेला. ज्यायले शब्द देला होता त्यायची जागाही सांगून बसला. सगळं आठवते. आता नदीवर पह्यली नाव लावाची हाये. काय करतं?"

गौरांगनं वहीकडे, मग दाराकडे पाहिलं. साधना वाट पाहत होती. तिला खरंच ऐकायचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, आणि त्यानं ते रागात बदलून घेतलं.

"असं कोण खेळतं? खेळ मजेसाठी असतो, ताई. तुम्ही त्याचं कोर्ट केलंत." त्यानं फासे पिशवीत भरले आणि गेला. गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

दोन महिन्यांनी प्रणालीनं मोबाइलवर एक फाइल दाखवली. गौरांगनं अकोल्यात मित्रांचा नवा खेळ सुरू केला होता, आणि जादूगारांसाठीचे साधनाचे घरचे नियम इंग्रजीत सजवून खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले होते. झोपेचा नियम, दोन हातांचा, नाकातल्या रक्ताचा, अगदी 'किंवा ध्यान'सुद्धा. वर त्याचं नाव. खाली लोकांनी वाहवा केलेली. नियम सतरा होते.

"लिहू का त्यायले, हे कोणाचे हायेत म्हणून?" प्रणालीनं विचारलं.

"लिही. सतराबद्दल मले काई वाटत नाई, चांगले हायेत, वापरू दे." साधनानं मोबाइल परत दिला. "पण बरोब्बर सतराच उचलले. म्हणजे अठरावा त्यानं नीट वाचला, अन् बाजूले ठेवला. त्याचीच घाण वाटते." तिनं ओढणीला बोटं पुसली, मोबाइलला काही लागलेलं असल्यासारखी.

नितेश येत राहिला. गौरांग गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं जादूगार व्हायची परवानगी मागितली होती. साधनानं नाही म्हटलं. त्याचं हसणं ती विसरली नव्हती, आणि तसं तिनं त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पावसाळ्यानंतर तिनंच एका रविवारी त्याच्यापुढं मंत्रांची यादी सरकवली.

तिसऱ्या खेळात किल्ल्याचं दार आडवं आलं. नितेशनं एकच मागणं सांगितलं, दार उघड, आणि पहारेकऱ्यावर मोहिनी टाकली. दार उघडलं, दोघं आत शिरली. मग खेळात सकाळ झाली आणि साधना नितेशकडे बघू लागली.

नितेश स्वतःच्याच आवाजात, हळू बोलू लागला. "मी वीस वर्षं हे दार राखून राहिलो. राती माह्याच हातानं उघडलं. आत कोण गेलं ते मले माहीत हाये, अन् ते मले आवडत होते तेही आठवते. आता सुबेदाराले सांगतलं तर माही नोकरी जाते. नाई सांगतलं तर आत माणसं मरतीन. मी घंटा वाजवतो."

"अरे," प्रणाली म्हणाली, "आपण आतच हावो ना."

"मालूम हाये. पण तो वाजवीनच."

साधनानं फासे प्रणालीकडे सरकवले. "वाजली घंटा. चाळीस शिपाई उठले. पळा आता."