पोत्यावरून गेलेलं पाणी

तळ्याशी आले की मामा आधी ओंजळभर पाणी घेत, तोंडात घोळवत आणि बाजूला थुंकून पाण्याची तब्येत सांगत. "आज जरा जड हाय." नाहीतर, "आज लई ग्वाड." मला दोन्ही दिवशी ते सारखंच लागायचं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि ज्याला विचारल्याशिवाय कुणाचं चालतही नाही.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी अणदूरजवळच्या एका गावात नवाकोरा ग्रामसेवक होतो. मामा भोई, वयानं माझ्या वडलांहून मोठे. गावाखालच्या तळ्यात मासे धरायचा हक्क वडलांपासून त्यांच्या घराकडं होता. मासे अंडी घालायच्या दिवसांत ते जाळं खुंटीला टांगत आणि दुसऱ्या कुणाला गळही टाकू देत नसत. बायको गेलेली, लेक नळदुर्गात दिलेली. तळं हाच त्यांचा संसार होता.

माझ्या डोक्यात तेव्हा सल्फेट शिरलं होतं. साखरेसारखं पांढरं खत पोत्यांतून आलं होतं आणि ते लोकांच्या गळी उतरवणं हे माझं काम. त्यासाठी मी तळ्याच्या वरचा उसाचा मळा निवडला, कारण तो सडकेवरून दिसायचा आणि पाहणीला येणाऱ्या आमच्या साहेबांना जीपमधून उतरायचा कंटाळा होता. पण मळ्यातली माणसं खताला हात लावेनात. हात भाजतो, अशी बोलवा उठली होती. शेवटी मळेवाल्यानं तोड काढली. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात पोतंच ठेवायचं; पाणी त्यावरून जाईल आणि खत आपोआप उसापर्यंत पोचेल. साहेबांची फेरी जवळ आली होती. मी मान डोलावली. एकामागून एक चार पोती अशी विरघळली.

मामा मळ्याच्या खालच्या टोकाला उभे होते. सऱ्या भरून उरलेलं पाणी ओघळीनं तळ्याकडं निघालं होतं. त्यांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मला विचारलं, "उसानं खाल्लं न्हाय ते कुठं जातं?"

मातीत राहतं, मी ऐटीत सांगितलं. पिकाचं अन्नच आहे ते, नत्र म्हणतात त्याला.

"मातीला कुठं झाकण हाय, सायेब," असं म्हणून ते निघून गेले.

ऊस हिरवागार, काळाभोर झाला. साहेब खूश झाले. पंधरवड्यानं तळंही हिरवं झालं आणि खरं सांगतो, आधी मला ते छान दिसलं. मग शेवाळ इतकं माजलं की म्हशी काठापर्यंत जाऊन माघारी फिरू लागल्या. उसाला घातलेलं नत्र शेवाळानंही तितक्याच आवडीनं खाल्लं होतं. पुढं ते शेवाळ मेलं, तळाशी कुजलं आणि कुजताना त्यानं पाण्यातली हवाच संपवली. हे मला फार नंतर एका शिबिरात समजलं. एका सकाळी सगळे मासे वर येऊन आ वासत होते. दुपारपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांचा थर लागला. बेडकांचा आवाजही बंद पडला. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून धुगधुगी असलेले मासे घागरीत वेचत होते, वरच्या विहिरीत नेऊन सोडायला.

गावानं ठरवलं, मामांनीच विष घातलं. शेराच्या झुडपाचा चीक टाकून मासे गुंगवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते भोयालाच जमणार. पंचांनी त्यांना चावडीत बोलावलं. मी वही घेऊन शेजारीच बसलो होतो.

"म्या काय टाकलं न्हाय," एवढंच ते म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. मला पोत्यांचा संशय आला होता, मामांचा तो प्रश्नही आठवत होता. पण नोकरी कच्ची होती, साहेबांची शाबासकी ताजी होती. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तळं त्यांच्याकडून काढून घेतल्याचं मीच वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामा लेकीकडं निघून गेले.

मी भित्रा निघालो, हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. नळदुर्गाला जायला मला सहा महिने लागले. मामा लेकीच्या ओसरीवर जाळं विणत बसले होते. त्यांनी भाकरी खायला लावली, गावातल्या एकेकाची खुशाली विचारली. मग मी थारोळ्यातल्या पोत्यांचं सगळं बोललो.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

मी विचारलं, "मग चावडीत बोलला का नाही, मामा?"

"तुमी बोलताल म्हनून थांबलो व्हतो."

दुसऱ्याच दिवशी मी चावडीत सगळं सांगितलं. अपेक्षेपेक्षा ते सोपं गेलं. पंचांनी तळं पुन्हा मामांच्या नावे केलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तो कागद घेऊन नळदुर्गाला गेलो. ओसरी रिकामी होती. ताप येऊन दोन दिवसांत गेले, लेक म्हणाली.

मी कागद तिच्या हातात दिला आणि त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिनं तो घडी करून पदराखाली धरला.

"कालच माती दिली त्यास्नी," ती म्हणाली. "रोज इचारायचे, गावाकडून कुनी आलं का म्हनून."