डोझरबाबांनी सोडलेलं पाणी

डोझरबाबांना हे नाव दोन कारणांनी पडलं. एक म्हणजे आयुष्यभर ते रस्त्याच्या कामांवर बुलडोझर चालवत होते. दुसरं म्हणजे त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, "या माणसाला मागे येणं माहीतच नाही."

निवृत्तीचा पैसा हातात आला की शहाणी माणसं घराचं छप्पर बदलतात. बाबांनी ओढ्याकाठचा माळ घेतला आणि भाड्याच्या यंत्रावर स्वतः बसून तिथे मातीचं छोटं धरण बांधलं. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचा, मग वर दुसरा थर. ओळखीपाळखीचे लोक येऊन कपाळाला हात लावून जायचे. बायको डबा घेऊन यायची आणि बसायला सावली नाही म्हणून कुरकुरायची. शेवटी तिनेच बांधाच्या माथ्यावर रांगेने झाडं लावली. मातीच्या बांधावर झाड लावू नये, हे बाबांनी कामावर कुठेतरी ऐकलं होतं. पण जगाचं न ऐकणारा हा माणूस तिच्यापुढे गप्प बसायचा.

बायको गेली, झाडं वाढली. लेक आणि जावई त्यांच्या पोरीला घेऊन बांधाच्या पायथ्याशी घर बांधून राहायला आले. जागा सपाट होती, वारा लागत नव्हता आणि फुकट होती. जावई बोलण्यात वस्ताद. त्याने पाण्यात बोटी सोडल्या, झाडांना झोके टांगले, माथ्यावर खुर्च्या मांडल्या आणि 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे' अशी पाटी लावून स्वतःची जबाबदारी झटकली. रविवारी माणसांची ही गर्दी व्हायची. बाबा काठावर बसून पाहायचे आणि मनातून फुगायचे. आपण बांधलेल्या पाण्यात परक्यांची पोरं खिदळतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

एकदा लेकीच्या न्हाणीघरामागे त्यांचा पाय चिखलात रुतला. बांधाच्या पायथ्याशी थोडी ओल कायमच असायची, पण ते पाणी स्वच्छ असायचं. हे गढूळ होतं. बाबांनी ते पेल्यात धरून ठेवलं, तर तासाभरात तळाशी माती बसली. ते तडक सरकारी इंजिनिअरला घेऊन आले.

इंजिनिअर माथ्यावरून फिरला. टोकाचं एक झाड वाळलं होतं, तिथे तो बराच वेळ वाकून बसला. "मूळ कुजलं की मातीत त्याची पोकळी राहते," तो म्हणाला. "पाण्याला आयती वाट मिळाली आहे आणि ते आतली माती वाहून आणतंय. आज थोडी, उद्या जास्त. पाणी उतरवा, झाडं मुळांसकट काढा, बांध पुन्हा दाबून घ्या. आणि खालचं घर तोवर रिकामं करा. धरण खाजगी आहे, त्यामुळे ठरवायचं तुम्हीच."

घरात मग जुंपली. जावई म्हणाला, "बाबा, सीझन तर संपू दे. इंजिनिअर लोक असंच घाबरवतात."

"निदान तुम्ही तिघं माझ्याकडे राहायला या," बाबा म्हणाले.

"आणि बोटी कोण बघणार?"

लेकीला वेगळंच लागलं होतं. "आईने लावलेली झाडं तुमच्या डोळ्यांत खुपायला लागली का आता?"

बाबांनी न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीकडे पाहिलं. तिथे त्यांची नात झोपायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धरणाखालच्या शेतांवर जाऊन पाणी येणार असल्याचं सांगितलं. मग निचऱ्याच्या पाइपावरची लोखंडी झडप खाचेतून वर ओढून पुरती काढली आणि हातगाडीवर घालून घरी नेली. जावई धावत आला तेव्हा ती बाबांच्या खाटेखाली होती आणि बाबा खाटेवर. नवी झडप करून घ्यायची तर कारागीर मालकाला विचारून काम करणार, आणि मालक खाटेवरून हलत नव्हता.

तळं हळूहळू रिकामं झालं. बोटी गाळात बसल्या, मासे मेले, वास सुटला. ज्यांच्या खिदळण्याचं बाबांना अप्रूप होतं ते रविवारचे पाहुणे पाटीशेजारी थांबून नाकं मुरडून परत गेले. लेकीने बोलणं टाकलं. घर मात्र तिने सोडलं नाही.

त्या वर्षी पाऊस झोडपून पडला. ओढा दुथडी भरून आला आणि उघड्या पाइपातून निघून गेला. जावई चार लोकांत सांगत सुटला, "एवढा पाऊस झाला, बांधाला काही झालं? उगाच म्हाताऱ्याने धंदा बुडवला." माना डोलल्या. पाणीच अडलं नव्हतं तर बांध फुटणार कसा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं तरी बोलून वाकड्यात कोण शिरणार. त्या पावसात बाबांच्या मनात आलं होतं, की घरात कुणी नसताना एकदा फुटावंच, म्हणजे तोंडं बंद होतील. मग ते स्वतःलाच घाबरले आणि दिवसभर जेवले नाहीत.

पाऊस ओसरल्यावर लेक दारात आली. बरोबर नात. नातीने आत येताच विचारलं, "आजोबा, तुम्ही आमचं पाणी का सोडलं?"

बाबांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे, तू झोपतेस त्या भिंतीमागे माती वाहून चालली होती, हे सांगायचं. मग पोर त्या खोलीत डोळा मिटणार नाही, आणि तिला झोपायला दुसरी खोली नव्हती.

"चुकलं माझं, बाळा," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा एकदम सैल झाला. किती तरी महिन्यांनी ती त्यांच्याशेजारी खाटेवर बसली. "एवढंच ऐकायचं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला. "झालं गेलं जाऊ द्या. आता झडप द्या, यांनी बाहेर गाडी आणली आहे."

बाबांनी हात सोडवून घेतला.

"नाही देत," ते म्हणाले.

लेक उठली. पोरीला कडेवर घेऊन ती दाराशी थांबली. "बघितलंस? तोंडाने चूक म्हणायचं आणि करायचं तेच. आजोबांना आपण कुणी लागत नाही."

नातीने मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि आई बोलली ते सगळं खरं मानून तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.