काशीचा गडू

होडीत बसलेल्या सगळ्यांनाच समुद्राची धास्ती होती. पिंपळगाव रेणुकाईच्या माणसांनी आजवर नदीचा पूर तेवढा पाहिलेला. बरोबरच्या चतुराबाईनं तर निघाल्यापासून दोन्ही हातांनी होडीचा काठ धरून ठेवला होता आणि डोळे मिटूनच ती रामेश्वराचं बेट बघत होती. द्वारकाबाईला मात्र समुद्राचं काही वाटत नव्हतं. तिला धास्ती होती ती नवऱ्याच्या मांडीवरच्या तांब्याच्या गडूची.

तिच्या सासऱ्यानं तो गडू काशीहून गंगा भरून, तोंड झाळून पक्कं बंद करून पायी आणलेला. काशीची गंगा रामेश्वराला चढवली की मगच यात्रा पुरी होते, ही आपल्याकडची रीत. म्हाताऱ्याचं रामेश्वर राहून गेलं. मरताना त्यानं मुलाकडून, कडूबाकडून, शब्द घेतला. तेव्हापासून कडूबा रोज सकाळी त्या गडूला हात जोडायचा आणि मगच चहाला तोंड लावायचा. सत्तावन्न साली एकदाचा योग आला, जालन्याहून सगळ्यांच्या बरोबर तो बायकोला घेऊन निघाला. आज होडीनं बेटावरची तीर्थं करायची आणि उद्या सकाळी अभिषेक. म्हणजे द्वारकाबाईच्या हातात आजचाच दिवस होता.

कारण गडूत गंगा नव्हती.

अट्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावातले तरणे गडी निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडातल्या कॅम्पात गेले होते. कडूबाही गेला होता. घरात द्वारकाबाई आणि सासू, दोघीच. नेमकी तेव्हाच सासूला पटकी लागली. रांजण रिकामा, विहीर गावाबाहेर, आणि बाहेर बंदुकांचे आवाज. आता तुम्हीच सांगा, त्या बाईनं करायचं काय? म्हातारीचं काही खरं नाही असं दिसल्यावर तिनं देव्हाऱ्यातला गडू काढला, विळ्यानं झाळ फोडली आणि दोन थेंब तिच्या तोंडात घातले. एवढं रीतीला धरूनच होतं. पण म्हातारी म्हणाली, "आजून दे." मग आणखी दे, आणखी दे. गडू रिकामा झाला आणि दिवस मावळायच्या आत म्हातारी गेली.

गावात निवांत झाल्यावर द्वारकाबाईनं गडूत विहिरीचं पाणी भरलं आणि भोकरदनच्या तांबटाकडून तोंड झाळून आणलं. रिकामा गडू देव्हाऱ्यात कसा ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं; नवरा आला की सांगून टाकू. पण कडूबा आला तो मायच्या नावानं टाहो फोडत. गडूपुढं डोकं टेकून म्हणाला, "माय तर गेली. बापाचा शब्द तेवढा राह्यला." त्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? लोक म्हणतील, नऊ वर्षं दडवलं म्हणजे बाई पक्की. पक्की कसली डोंबलाची! रोज सकाळी नवरा हात जोडायचा आणि हिच्या घशाखाली भाकर उतरायची नाही.

होडीत बरोबर रामेश्वरचेच उपाध्ये होते. त्यांचे पूर्वज केव्हातरी आपल्याच मुलखातून तिकडे गेलेले, त्यामुळं ते मराठी बोलत, पण पोथी वाचल्यासारखं. त्यांनी धनुष्कोडीला होडी लावली. एका अंगाला शांत समुद्र, दुसऱ्या अंगाला खवळलेला, आणि मध्ये पांढऱ्या वाळूची चिंचोळी पट्टी. तापलेल्या वाळूत सगळे पोरांसारखे पळाले. कडूबानं मूठभर वाळू उपरण्याच्या टोकाला बांधली. "ही आता काशीला न्यायची," तो म्हणाला. इतका खूश तो लग्नातही नव्हता. द्वारकाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढं बिभीषणाला जिथं राज्याभिषेक झाला म्हणतात ते देऊळ झालं. तिथंही तिची जीभ उचलली नाही.

दुपार कलताना होडी बेटाच्या दुसऱ्या बाजूला लागली. तिथं समुद्रातच एक विहीर. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं. उपाध्यांनी पोहरा काढला, सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाले, "सीतामाईला तहान लागली, चोहीकडे खारट पाणी. तेव्हा रामानं धनुष्य टेकून हे गोडं पाणी काढलं."

पाणी खरंच गोड होतं. द्वारकाबाईनं एक घोट घेतला आणि तिथंच पाण्यात खाली बसली.

"आव," ती म्हणाली, "आत्याबाईलाबी अशीच तहान लागल्ती."

"मायचं आत्ता काहून काढून राह्यली?"

"गडूत गंगा न्हाई. समदी आत्याबाईनं पिली. घरात दुसरं पानी नव्हतं. आत आपल्या हिरीचं पानी हाये."

कडूबानं काखेतला गडू पुढं धरला. "नऊ वर्सं मी हिरीच्या पान्याला हात जोडून राह्यलो," तो हळूच म्हणाला, "अन् तू बघून राह्यली?"

"व्हय."

त्यानं हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो वळून होडीत जाऊन बसला. परतीच्या वाटेवर त्यानं एवढंच विचारलं, "मायनं किती मागितलं?"

"गडू सरस्तवर."

"अन् मंग?"

"मंग म्हनल्या, बास, तहान भागली."

सकाळी देवळात उपाध्यांनी गडू हातात घेतला, झाळ बोटानं चाचपली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "काशीचीच ना?" हो म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? द्वारकाबाईनं डोळे मिटले.

"न्हाई महाराज," कडूबा म्हणाला. "हिरीचं पानी हाये."

उपाध्यांनी गडू बाजूला ठेवला. चतुराबाईनं गालाला हात लावला. सगळ्यांच्या गंगा चढल्या आणि कडूबा नुसता बेल वाहून बाहेर आला. जालना येईपर्यंत तो बायकोशी एक शब्द बोलला नाही. आता हा आपल्याला माहेरी धाडणार, असं तिनं आगगाडीतच मनाशी धरलं.

यात्रेकरू आले म्हणून गावानं वेशीत ताशा लावला होता. सगळ्यांत पुढं पुंजाराम म्हातारा काठी टेकून उभा. कडूबाच्या बापाबरोबर काशीला पायी गेलेला तो एकटाच उरला होता. त्यानं कडूबाचा हात धरला.

"कडूबा, बापाची गंगा चढली का?"

बरोबरची माणसं खाली बघायला लागली. द्वारकाबाईनं पदराचं टोक घट्ट धरलं.

"चढली, काका," कडूबा म्हणाला. "अट्ठेचाळीस सालीच चढली, माह्या मायच्या तोंडी. हिनं चढवली."

ताशा वाजतच होता. द्वारकाबाई वेशीच्या दगडावर बसली आणि नऊ वर्षांचं रडणं तिनं तिथंच रडून घेतलं.