साडेअकराची ग्रामसभा

"ए बाई, कप विसळ. सायेब आलेत."

हे मला उपसरपंच म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणायचे. ग्रामपंचायतीची सदस्य होऊन मला जेमतेम महिना झाला होता. तालुक्याहून साहेब येणार, सदस्यांशी बोलणार, असा निरोप होता. म्हणून ठेवणीतली साडी नेसून, दोन तास डोंगर उतरून मी आले होते. मी कप विसळले. चहा गाळला. ट्रे घेऊन आत गेले तर साहेबांनी विचारलं, "शिपाई नवीन ठेवली का?"

नाना म्हणाले, "तसंच समजा."

सगळे हसले. मीही हसले. त्यांचं हसणं मी एकवेळ विसरेन, माझं नाही.

आमची ठाकरांची वाडी अकोल्याच्या डोंगरात, पार वर. वीस-पंचवीस घरं, तीही अशी पांगलेली की एका घराची हाक दुसऱ्याला जात नाही. मोबाईलला रेंज फक्त एका कातळावर. गावठाण खाली, आणि मध्ये ओढा. उन्हाळ्यात तो पोरंसुद्धा उड्या मारत ओलांडतात. पावसाळ्यात तो आम्हाला कोंडून घालतो. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून राखीव जागेवर वाडीने मला उभं केलं. काम एकच सांगितलं होतं. ओढ्यावर साकव आण. मोटार जाणारा पूल नको, माणूस पायी पलीकडे जाईल एवढाच.

सभेत माझी जागा दारापाशी ठरली. नाना म्हणाले होते, "तू तिथं बस. सही लागली की हाक मारू." सरपंच म्हातारे, आमच्यातलेच, पण नावापुरते. ते मान हलवायचे. मी चपलांशेजारी बसायचे. ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर आणून गुडघ्यावर ठेवायचे, कोऱ्या पानावर बोट दाखवायचे आणि मी सही करायचे. मी दर वेळी विचारायचे, साकवाचं घेतलं का. "घेतलंय, घेतलंय," ते म्हणायचे.

पण दारात बसलं की आत काय चाललंय ते दिसतं आणि बाहेर काय चाललंय तेही दिसतं. ग्रामसभा नेहमी बाजाराच्या दिवशी, अकरा वाजता. नोटीस गावठाणातल्या फळ्यावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. वाडीला कोण कळवणार? अकराला खोलीत भाऊसाहेब, सरपंच आणि मी. ठरावीक माणसं जमली नाहीत की भाऊसाहेब लिहायचे, सभा तहकूब. साडेअकराला नाना यायचे, सोबत त्यांचे सहा-सात जण. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नसते. हव्या त्या ठरावावर हात वर व्हायचे. बाराला चहा.

हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळायला माझी सासू जावी लागली.

भाताच्या आवणीचे दिवस होते. सकाळीच तिच्या छातीत कळ आली. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, चौघांनी उचलली. ओढा दोन्ही काठ भरून चाललेला. पलीकडे जीप उभी होती, ड्रायव्हर हात करत होता. आम्ही दुपारपर्यंत अलीकडे थांबलो. ती एकदाच बोलली. "तू मेंबर हाय ना गं?" पाणी उतरायच्या आधी ती गेली.

चार दिवसांनी मृत्यूची नोंद करायला खाली गेले. गावाच्या तोंडाशी नवी स्वागत कमान उभी होती. वर नानांच्या वडिलांचं नाव, रंग अजून ओला. भाऊसाहेब फोनवर बोलत बाहेर गेले होते. टेबलावर सभांचं रजिस्टर होतं. मी पहिल्यांदा ते उघडून वाचलं. साकवाचं कुठेच काही नव्हतं. कमानीचा ठराव होता. त्याखाली लिहिलं होतं, सूचक. त्यापुढे माझं नाव. खाली माझी सही.

म्हणजे कमान मी मागितली होती.

मी मोबाईलवर पानाचा फोटो काढला. तेवढ्यात नाना आले. मी विचारलं, हे काय. त्यांनी पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सही तुजीच हाय ना? मग वरडतीस कशाला?"

मी ओरडत नव्हतेच. पण त्या क्षणी माझ्या मनातून नाना मेले. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटलं, अगदी मनापासून. आजही वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस मी स्वतः फळ्यावर वाचली आणि घराघरात जाऊन सांगितली. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं. बाजार बुडवून वाडी उतरली. म्हाताऱ्या, पाठीशी पोरं बांधलेल्या बाया, सगळी. शेजारच्या दोन वाड्याही आल्या. साडेदहाला खोली भरली, ओसरी भरली. भाऊसाहेबांनी "सभा तहकूब" आधीच लिहून ठेवलं होतं. ते त्यांना सगळ्यांसमोर खोडावं लागलं. अकराच्या ठोक्याला सरपंचांनी सभा सुरू केली. या वेळी त्यांनी मान हलवली ती आमच्या बाजूने. पहिला ठराव साकवाचा, सूचक मी. दुसरा कमानीच्या चौकशीचा, सूचक मी. दोन्हींना हात वर झाले.

नाना सवयीप्रमाणे साडेअकराला आले. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"सभा कवा झाली?"

"येळेवर," मी म्हणाले. "तुमी दारापाशी बसा नाना. सही लागली की हाक मारू."

कुणी हसलं नाही. मीही नाही. ते बसले नाहीत, पण उभे राहिले ते दारातल्या चपलांमध्येच.

संध्याकाळी त्यांचा माणूस निरोप घेऊन आला. "नाना म्हणत्यात, चौकशी लागली तर पयली तूच जाशील. सूचक तू हायेस." खरंच आहे ते. कोऱ्या कागदावर सही करणारी मी. सदस्यपद जाईल, कदाचित पुन्हा उभंही राहता येणार नाही. मी त्याला म्हणाले, थांब. कागद घेतला, त्याच्यादेखत चौकशीचा अर्ज लिहिला. दोषींमध्ये पहिलं नाव माझं लिहिलं. दुसरं नानांचं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन तो मी साहेबांच्या हातात दिला आणि पोच घेतली. साकव अजून झालेला नाही. साहेब म्हणतात, बघू. मी दर सोमवारी जाते आणि त्यांच्या दारापाशीच बसते. आता मी चहा करत नाही. माझी खुर्ची जायची असेल तर जाऊ दे, मला तिच्यावर कुणी बसू दिलंच कुठे होतं? पण मी जाईन तेव्हा नानांना सोबत घेऊन जाईन.