दसऱ्याचा भाव सत्तावीस

रेषीय समीकरणं शिकवून मला बावीस वर्षं झाली, पण घरात कुणी मला गणितातलं काही विचारल्याचं आठवत नाही. दुधाचा हिशेबसुद्धा बायकोच करते. मी केला की दूधवाला फार खूश होतो, म्हणून.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ती "कांदा कधी विकायचा, तुमी सांगा" असं म्हणाली, तेव्हा माझी छाती फुगली. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या उसाच्या रानातला अर्धा एकर तिने त्या वर्षी स्वतःसाठी मागून घेतला होता. लागणीपासून काढणीपर्यंत सगळं तिचं. त्यातून तिला घरघंटी घ्यायची होती. दळणाचा डबा घेऊन गिरणीत ताटकळायचं बंद, उलट गल्लीचीच दळणं घरी येणार, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती.

एप्रिलमध्ये कांदा साठवणीच्या चाळीत भरला, तेव्हा भाव किलोला बारा रुपये होता. पाच आठवडे मी मोबाईलवर भाव पाहत राहिलो. दर आठवड्याला साठ पैसे वाढ, ना कमी ना जास्त. कांद्याचा भाव इतका शहाण्यासारखा वागताना मी जन्मात पाहिला नव्हता. मी खडू घेतला आणि चाळीच्या दारावर लिहिलं: भाव = १२ + ०.६ × आठवडे. त्याखाली ठळक अक्षरांत: दसरा, पंचविसावा आठवडा, २७ रुपये.

"दसऱ्यापर्यंत कांद्याला हात लावायचा नाही," मी फर्मावलं. शाळा उघडल्यावर वर्गातही फळ्यावर आलेख काढून दाखवला. रेषा इतकी देखणी आली, की पुसवेना.

चाळ भरली त्याच दिवशी बायकोने एक काम केलं होतं. तिने जाळीच्या एका गोणीत मोजून पन्नास किलो कांदा भरून ती गोणी चाळीतच ठेवली होती. दर सोमवारी त्यातला सडका कांदा काढायची, गोणी ताणकाट्याला लटकवायची आणि चाळीच्या दारावर कोळशाने आकडा लिहायची. ४९. ४८. ४७. मला वाटलं, हौस असते एकेकाला.

चौदाव्या सोमवारी मी चहा पीत होतो.

"सर," ती म्हणाली. चिडवायचं असलं की मी सर होतो. "तुमचा भाव वर चाललाय, ते खरं हाय. पन बाजारात काय न्यायचं, भाव का कांदा?"

"कांदाच की."

"मग तुमच्या गणितात माजी गोणी कुठं हाय?"

चहा तसाच ठेवून मी चाळीकडे गेलो. माझी रेषा चढत होती, तिची उतरत होती. दाराच्या उरलेल्या जागेत दोन्हींचा गुणाकार मांडला. पंधराव्या आठवड्याला गोणीचे सातशे पस्तीस. तिथून पुढे उतार. दसऱ्याला भाव सत्तावीस, पण गोणीत कांदा पंचवीसच किलो, म्हणजे सहाशे पंचाहत्तर. दोन सरळ रेषांच्या गुणाकाराची टेकडी होते, हे मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल! आणि स्वतः टेकडी ओलांडून खाली उतरायला निघालो होतो, घरघंटी डोक्यावर घेऊन.

परत आलो आणि त्याच आवाजात फर्मावलं, "पुढच्या सोमवारी विकायचा."

"टेम्पो सांगितलाय मी. सोमवारचाच."

"तुला कसं कळलं?"

"पैल्यांदा आठवड्याला गोणीमागं सतरा रुपये वाढायचे. आता दोनसुद्दा न्हाई. मग कशाला थांबायचं?"

पोळ्याच्या आत घरघंटी घरात आली.

पुढे दसऱ्याला भाव खरोखर सत्तावीस निघाला. मी मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात गेलो. "बघ, पैशापर्यंत बरोबर!"

ती घरघंटीत गहू ओतत होती. "बरोबरच हुतं. म्हनून तर दारावरचं पुसलं न्हाई मी."

मग पिठाचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "शेजारचं दळण हाय. तेवढं वजन करून बघा, सर."