उद्या रात्री नऊपर्यंत

खोटं बोलणारी माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर माणूस दुसरं काय बघणार? पण तिथल्या खोट्याला निदान चेहरा असायचा. "साहेब, उद्या नक्की" म्हणणारा माणूस परवा रस्त्यात दिसला तर मान फिरवून पलीकडून जायचा. तेवढी लाज त्याच्यात असायची. माझ्या मोबाइलमध्ये जो खोटारडा येऊन बसला, त्याला ती सोयच नाही. तो हिरव्या अक्षरांत, शेजारी छोटी गाडी काढून, रोज तेच सांगतो: उद्या रात्री नऊपर्यंत.

गोष्ट आईच्या वॉकरची. पौषात आई न्हाणीच्या पायरीवरून पडली आणि दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये राहिला. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता वॉकर धरून उभं करा, पण वॉकरशिवाय नको." डॉक्टरांच्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून अशा वस्तूंचं दुकान आहे. तिथे काचेत तीन वॉकर उभे होते, मी गाडीतून पाहिले. पण मी शहाणा. मोबाइलवर चाकांचा, मऊ मुठींचा, उंची कमीजास्त होणारा वॉकर मी आधीच निवडून ठेवलेला, आणि खाली लिहिलेलं: दोन दिवसांत घरपोच. गाडी थांबवली नाही. घरी येऊन बायकोसमोर ऐटीत ऑर्डर दिली.

शिमगा आठ दिवसांवर होता. आमच्याकडे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामदेवतेची पालखी घरी येते. अंगणात नाचवतात, मग पायरीशी टेकवतात, आणि घरातल्या थोरल्या माणसाने पुढे होऊन आपल्या हाताने पालखीत नारळ ठेवायचा. आजी गेल्यापासून तो नारळ आईचा. ती चौऱ्याऐंशीची आहे. पडल्यापासून दुखण्याबद्दल ती फारशी बोलली नव्हती. विचारायची एवढंच, "पालखीपर्यंत उभी राहीन काय रे मी?" मी म्हणायचो, "राहशील. उद्या येतोय वॉकर."

तो उद्या रोज उजाडायचा. पार्सल मुंबईहून निघालं, चिपळूणला आलं. चिपळूण म्हणजे आलंच की, असं मी गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते कोल्हापुरात! घाट चढून ते कोणाला भेटायला गेलं होतं, देव जाणे. मी फोन लावला. एका मुलीने हिंदीत माझी माफी मागितली, इतक्या गोड आवाजात की मीच तिचं काहीतरी नुकसान केलंय असं वाटावं. मी विचारलं, "नक्की कधी येणार ते सांगा. येणार नसेल तर तसं सांगा, मी दुकानातून आणतो." ती म्हणाली, "उद्या रात्री नऊपर्यंत." आमच्या वाडीत संध्याकाळी साडेसातनंतर कुरियरवाला सोडा, पाहुणासुद्धा येत नाही. हे नऊ कोणी काढले?

माझा राग उशिरावर नाही. उशिराची आम्हाला सवय आहे. पालखीसुद्धा कधी घड्याळ बघून आलेली नाही. पण मानकऱ्यांना विचारलं तर ते सरळ सांगतात, "आता खालच्या वाडीत हाय, अजून सात घरं." त्यात थाप नसते. इथे रोज नवीन तारीख, आणि प्रत्येक तारीख अशी नेमकी की माणसाने दुसरी काही तजवीज करू नये. "जमत नाही" एवढे दोन शब्द त्यांनी लिहिले असते, तर मी त्याच दिवशी स्कूटर काढली असती. तासाभराचा तर रस्ता.

होळीच्या सकाळी मी खरंच काढली. हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, आणि खिशात मोबाइल वाजला. "तुमचं पार्सल आज पोचतंय." मी हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं. त्या एका क्षणाबद्दल मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या त्या कंपनीलाही घातलेल्या नाहीत.

संध्याकाळी निरोप आला: पत्त्यावर कोणी नव्हतं, म्हणून पार्सल परत नेलं. आमच्या घरी कोणी नव्हतं! जिला दीड महिना खाटेवरून हलता आलं नाही ती बाई घरात नव्हती! बायको म्हणाली, "अहो, ओरडताय कोणावर? ऐकणारं आहे काय कोणी?" दुसऱ्या दिवशी धुळवड. शहरातलं दुकान बंद.

पालखीच्या सकाळी आम्ही दोघांनी आईला बखोटीला धरून उभं करून पाहिलं. पाय लटलटला आणि ती आमच्या अंगावर कलंडली. मी पायरीशी खुर्ची मांडली, म्हटलं, "बसून ठेव नारळ, चालतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवरचा हात काढला.

"देव दारात उभा आणि मी बसून? मला आत न्या," ती म्हणाली. "आणि दार ओढून घ्या."

ढोल अंगणात आले. पालखी नाचली, गुलाल उडाला. पालखी टेकल्यावर मानकऱ्यांनी विचारलं, "म्हातारी कुठं? खिडकीशी आणू काय पालखी?" मी उत्तर देण्याआधी आतून आईचाच आवाज आला, "नको हो. फुडच्या घरी वाट बघतायत." नारळ मी ठेवला. हात माझा होता, पण तो मला माझा वाटला नाही.

तीन दिवसांनी वॉकर आला. मोटरसायकलवर पोरगेला माणूस, घामाघूम, त्याला काय बोलणार? त्याचा काही दोष नव्हता. खोकं उतरवून तो गेला आणि मोबाइल वाजला: "आनंदाची बातमी! तुमचं पार्सल ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी पोचलं." मधल्या मधे त्यांनी तारीखच पुढे सरकवून ठेवली होती. कचेरीत अशी खाडाखोड करणाऱ्याला आम्ही मेमो द्यायचो. इथे पाच चांदण्या मागत होते.

वॉकर उत्तम निघाला, हे कबूल केलं पाहिजे. आईने मुठी धरल्या, उभी राहिली, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मला वाटलं न्हाणीकडे जाईल. ती दाराकडे वळली. पायरीवरून आम्ही तिला अलगद उतरवलं. अंगणाच्या मधोमध, जिथे सारवणावर गुलाल अजून लालसर दिसत होता, तिथे जाऊन ती थांबली. मुठी सोडून हात जोडता येईनात, म्हणून तिने नुसती मान खाली घातली. बराच वेळ ती तशीच होती, आणि समोर रिकामं अंगण होतं.